जुना उतारा, आजचा बांध: जमिनीच्या नकाशाबद्दल तुमचे प्रश्न

जुन्या कागदांवरून गावातली कुठली जमीन कधी कोणाकडे असावी याचा नकाशा काढता येतो, एवढंच मी मागे एकदा लिहिलं होतं, आणि तेव्हापासून ट्रंका उघडल्या गेल्यात बहुतेक घरोघरी. त्यात दोन हजार तेवीसपासून कुणबी नोंदी शोधायला लोक रेकॉर्ड रूमच्या रांगेत उभे राहिले, त्यामुळे कागदांच्या ज्या बस्त्यांना (गाठोड्यांना) पन्नास वर्षं कोणी हात लावला नव्हता ते सुटले. प्रश्न खूप आलेत, थोडेच घेतोय. एक आधीच सांगून ठेवतो, अशा नकाशात जी दिसते तिला मी "संभाव्य मालकी" म्हणतो ते मुद्दाम. जो कागद ज्या कामासाठी लिहिला गेला तेवढंच तो नीट सांगतो, बाकी सगळा आपला अंदाज.

इंदापूर तालुक्यातून एक वाचक: आजोबांच्या ट्रंकेत १९२८ चा उतारा सापडलाय, सर्व्हे नंबर ११२, क्षेत्र ९ एकर २० गुंठे. आता गावात सगळे गट नंबर झालेत. ती जमीन आजच्या नकाशावर कशी दाखवायची?

इंदापूरकर आहात म्हणून आधी थोडं कौतुक. मुंबई इलाख्यात पुढे सगळीकडे जी मोजणी झाली तिची सुरुवात तुमच्याच तालुक्यात झाली, १८३५-३६ च्या सुमारास, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांच्या हाताखाली. त्याआधी प्रिंगल नावाच्या साहेबाने पुण्याकडे एक प्रयोग केला होता तो फसला, सारा असा काही बसला की लोक जमिनी टाकून निघून गेले. म्हणून मग प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराची ३३ फुटी साखळीने मोजणी, मातीची प्रत आण्यांत, आणि त्यावरून सारा. त्या सारा-आकारणीलाच आपण आकार म्हणतो आणि तुमच्या उताऱ्यात क्षेत्राच्या शेजारी तो लिहिलेला असणार. क्षेत्र सांगितलंत पण आकार सांगितला नाहीत, सगळे हेच करतात, आणि खरं तर तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे.

कसं ते बघा. समजा ११२ चा आकार ७ रुपये ८ आणे आहे. पुढे दोन भावांत वाटणी झाली, ११२/१ आणि ११२/२ झाले, प्रत्येकी ४ एकर ३० गुंठे आणि आकार ३ रुपये १२ आणे. नंतर दशमान आलं, रुपये-आणे जाऊन रुपये-पैसे झाले, एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर झाले, तर तोच हिस्सा आता १ हेक्टर ९२ आर आणि आकार ३ रुपये ७५ पैसे असा दिसेल. नंतर एकत्रीकरणात त्याचा गट झाला तर गटाचा आकार म्हणजे आत आलेल्या तुकड्यांच्या आकाराची बेरीज. म्हणजे नाव बदलतं, नंबर बदलतो, क्षेत्राचं माप बदलतं, पण आकार दोऱ्यासारखा मागेमागे नेतो. मी तर एक्सेलमध्ये पहिला कॉलम आकाराचाच ठेवतो. फक्त मधे फेरआकारणी झालेली असेल तर दोरा तिथे तुटतो आणि पुन्हा बांधून घ्यावा लागतो, ते आकारबंदावरून, म्हणजे नंबरवार क्षेत्र आणि आकाराच्या रजिस्टरवरून कळतं.

आता गट. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याने बऱ्याच गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट आले (सगळ्या गावांत नाही आले हां, कितीतरी ठिकाणी आजही सर्व्हे नंबरच चालू आहेत). भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसात एकत्रीकरणाचं योजनापत्रक असतं, लोक त्याला ९(३), ९(४) चा उतारा म्हणतात, त्यात जुन्या नंबराचं नव्या गटात काय झालं ते मिळतं. त्याची नक्कल काढा. पण एक चूक टाळा. एकत्रीकरणात नुसते नंबर बदलले असं धरून चालू नका, कारण लहान तुकडे एकत्र यावेत म्हणून जमिनींची अदलाबदल झालेली असते, तुमच्या आजोबांची ओढ्याकाठची पट्टी दुसऱ्याला गेली आणि त्यांना माळावर दोन एकर जास्त मिळाले असं सर्रास झालंय. म्हणून नकाशात दोन लेयर, म्हणजे एकावर एक ठेवायचे दोन थर करा. एक "१९२८ ला जिथे होती" आणि दुसरा "योजनेनंतर जिथे आली". एकाच पॉलिगॉनवर (शेताच्या काढलेल्या आकृतीवर) दोन्ही काळ चढवले की घरात भांडण लागतं, हे अनुभवाने सांगतोय.

पुण्यातून एक विद्यार्थिनी: गाव नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएसमध्ये (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) बसवला, पण सॅटेलाइटच्या फोटोवर शेतं तीस-चाळीस मीटर सरकतायत. कुठे चुकतंय?

बहुतेक तुमची चूक नाहीये, कागदाची आहे. जुने गाव नकाशे बऱ्याच ठिकाणी १ इंचाला २० साखळ्या या स्केलचे, म्हणजे ३३ फुटी साखळी धरली तर १ इंच म्हणजे ६६० फूट, आजच्या भाषेत १:७९२०. या स्केलवर पेन्सिलच्या रेघेची जाडीच जमिनीवर तीनचार मीटरची होते. त्यात तो कापडावर चिकटवलेला कागद, शंभर पावसाळे खाल्लेला, एका बाजूने आक्रसलेला, आणि तुमच्या हातात आलाय तो त्याच्या नकलेच्या झेरॉक्सचा स्कॅन. आधी नकाशाखालचं स्केल वाचा, कारण सगळीकडे हेच असतं असं नाही, कोकणात तर नाहीच.

कंट्रोल पॉइंट, म्हणजे कागदावरची आणि फोटोवरची एकच जागा जुळवायचे बिंदू, कुठे घेताय ते महत्त्वाचं. रस्त्याचं वळण, ओढ्याचं वळण घेऊ नका, ओढा जागा बदलतो आणि रस्ता तर लोकच बदलतात. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तो दगड, जुन्या विहिरी, देऊळ, गावठाणाचा कोपरा, दोन मोठे बांध मिळतात ती जागा, असे पंधरा-वीस पॉइंट सगळ्या गावभर पसरून घ्या, सगळे एका कोपऱ्यात नकोत. सुरुवातीला नकाशा बसवायची साधी पॉलिनोमियल पद्धत वापरा, थिन प्लेट स्प्लाइन या दुसऱ्या पद्धतीने सगळं छान बसल्यासारखं दिसतं पण ती चूक लपवते, आणि आपल्याला चूक दिसायला हवीय.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे टिपण. प्रत्येक सर्व्हे नंबरचं एक टिपण असतं, हाताने काढलेली आकृती, स्केलवर नसते म्हणून मुलं ती बघून नाक मुरडतात, पण तिच्यावर मधली रेघ आणि त्या रेघेपासून प्रत्येक कोपऱ्याचं अंतर साखळी-आण्यांत लिहिलेलं असतं. साखळीचे १६ आणे, म्हणजे १ आणा साधारण २ फुटांचा. हे आकडे टाकून शेत नव्याने काढलं की गाव नकाशापेक्षा कितीतरी नेमका आकार मिळतो. मग गाव नकाशा फक्त "कोणाच्या शेजारी कोण" एवढ्यासाठी वापरायचा. वेळ लागतो. एका मुलाने माझ्याकडे एका गावाचे दोनशे नंबर असे काढले, चार महिने गेले आणि त्याचं लग्नही त्यात ठरलं.

शेवटी क्षेत्राची पडताळणी. पॉलिगॉनचं क्षेत्र आणि आकारबंदातलं क्षेत्र शेजारीशेजारी ठेवा. ज्या नंबराचा फरक खूप येतोय तो नंबर लाल करा आणि पुढे जा, ओढूनताणून बसवू नका.

शिरूरकडून एक शिक्षक: आमच्या गावातल्या जुन्या कागदांत १८८० ते १९३० मधे जवळजवळ अर्ध्या शेतांवर एकाच सावकाराचं नाव येतं. नकाशा केला तर अर्धं गाव त्याचंच दिसतंय. खरंच तसं होतं का?

तुमच्या भागात हा प्रश्न येणारच. १८७५ ला सुप्यात सावकारांविरुद्ध दंगे झाले, लोकांनी मुख्य म्हणजे कर्जाचे कागद जाळले, ते काही उगाच नाही. कर्ज आणि जमीन यांचं नातं त्या काळात असं होतं की खरेदीखत म्हणजे खरेदीच असेल याची खात्री नव्हती. मुदत खरेदी म्हणायचे, म्हणजे कागदावर जमीन विकली, पण अमुक वर्षांत पैसे फेडले तर परत. प्रत्यक्षात ते गहाणच. कसणारा तोच कुणबी, त्याच बांधावर, फक्त सारा आणि नाव सावकाराचं. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कोर्टाला अशा कागदाच्या मागे जाऊन खरा व्यवहार काय होता ते बघायची मुभा दिली.

तेव्हा तुमच्या नकाशात तीन गोष्टी वेगळ्या दाखवा. खातं कोणाच्या नावावर, कसत कोण होतं, आणि नाव कुठल्या कागदाने आलं. पहिलं खाते-उताऱ्यात, दुसरं वहिवाटीच्या नोंदीत आणि पीकपाण्यात, तिसरं फेरफारात, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीत. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा आहे, त्याआधी महसूल दप्तराचं लक्ष सारा कोण भरतो यावरच होतं, त्यामुळे त्या आधीच्या काळासाठी सावकाराचा रंग फिका ठेवा. १९०३ नंतर फेरफार मिळतात, त्यात "मुदत खरेदी" की "कायम खरेदी" की "गहाण" ते स्पष्ट लिहिलेलं सापडतं. आणि एक बघा, १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, त्या दिवशी कसणारी कुळं कायद्याने खरेदीदार मानली गेली. तुमच्या गावात १९५७ नंतर त्या सावकाराच्या शेतांवर कोणाची नावं आली ते काढा. ज्यांच्या पूर्वजांनी गहाण टाकली तेच परत आलेले दिसले तर तुमचा नकाशा बरोबर चाललाय.

सोलापूर जिल्ह्यातून पीएचडी करणारा एक संशोधक: गावातली हाडोळ्याची म्हणजे महार वतनाची जमीन घराघरानुसार दाखवायची आहे. कागदात फक्त "समस्त महार" लिहिलंय. पुढे कसं जाऊ?

घराघरानुसार दाखवू नका, निदान जुन्या काळासाठी. "समस्त महार" हे कारकुनाने आळसाने लिहिलेलं नाही, तेच त्या जमिनीचं खरं रूप होतं. वतन सगळ्या भावकीचं, त्यात तक्षिमा म्हणजे हिस्से, आणि गावकी करायची पाळी एका वर्षी एका तक्षिमेची, पुढच्या वर्षी दुसरीची. जमिनीचा उपयोगही कधीकधी त्या पाळीप्रमाणे फिरायचा. मग तुम्ही एका घराचा पॉलिगॉन काढलात तर कागदात नसलेली वाटणी नकाशात घुसवताय. एकच पॉलिगॉन ठेवा आणि त्याला तक्षिमांची यादी जोडा, ज्या वर्षी ज्याची पाळी ती नोंद मिळाली तर तीही.

गाव नमुना ३ बघितलात का? दुमाला, म्हणजे इनाम-वतनाच्या जमिनी त्यात असतात, इनाम वर्गासकट. देवस्थान इनाम वर्ग ३, गावाला उपयोगी बलुतेदार ६अ, आणि सरकारला उपयोगी चाकरी म्हणून ६ब, महार वतन याच ६ब मधलं. वतन म्हणजे गावाने दिलेलं बक्षीस नव्हतं, दिवसरात्र राबवून घ्यायची किंमत होती आणि तीही तुटपुंजी. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कायदेमंडळात वतनात बदल करणारं बिल आणलं ते याच कारणाने. नकाशाच्या टिपेत हे येऊ द्या, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं बघा किती जमीन होती यांच्याकडे.

कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा १९५८ चा. जमिनी सरकारकडे गेल्या आणि ठरावीक रक्कम भरून वतनदारांना परत मिळाल्या, पण नव्या शर्तीवर, म्हणजे विकायची तर कलेक्टरची परवानगी हवी. इथे तुमच्या नकाशातला सगळ्यात नाजूक भाग येतो. शहराजवळच्या, हायवेजवळच्या अशा जमिनींच्या सातबारावर आज भलतीच नावं दिसतात आणि इतर हक्कात कुठेतरी शर्तीचा शेरा असतो किंवा शेराच उडालेला असतो. शेरा कुठल्या फेरफाराने आला, कुठल्या फेरफाराने गेला, हे दोन आकडे प्रत्येक पॉलिगॉनला जोडा. आणि तो नकाशा जिवंत माणसांच्या नावांसकट कुठेही टाकू नका. तिथे आज राहणाऱ्यांवर काय परिणाम होईल याचा विचार आधी गावात बसून करा, संशोधन नंतर.

मुंबईत राहणारे, मूळचे रत्नागिरीकडचे वाचक: एका हिश्शाच्या सातबारावर बावन्न नावं. क्षेत्र अकरा गुंठे. प्रत्येकाची जागा दाखवता येईल का?

नाही हो. आणि दाखवली तरी एकेकाच्या वाट्याला एक आंब्याचं झाड आणि अर्धं कातळ येईल.

बरं, नीट सांगतो. सामाईक सातबाऱ्यावर बावन्न नावं म्हणजे बावन्न जागा नसतात, बावन्न हिस्से असतात, कधी आणेवारीने लिहिलेले, कधी तेही नाही. प्रत्यक्ष वाटणी नसेल आणि तिची मोजणी होऊन फाळणी नकाशा निघालेला नसेल, तर कोण कुठे हे फक्त वहिवाटीत असतं, आणि वहिवाट गणपतीला आलात की काकांना विचारायची. तुमच्याकडे खोतीचीही भानगड आहे, म्हणजे गावाचा सारा खोत गोळा करायचा, खोती रद्द केली ती १९४९ च्या कायद्याने, त्याआधी खोताच्या नावाखाली कसणारे बरेच असायचे, आणि त्यांची नोंद शोधायची तर बोटखत, म्हणजे खोती गावाचं जुनं हक्कांचं रजिस्टर बघायचं. तिथे तुमच्या पणजोबांचं नाव कसणारा म्हणून सापडलं तर ते सातबाऱ्यावरच्या बावन्न नावांपेक्षा जास्त बोलकं आहे.

आणि इतर हक्काचा रकाना वाचा. कोकणात जमीन एकाची आणि झाडं दुसऱ्याची हे कागदावर चालतं. मी अशा ठिकाणी झाडांचे पॉइंट जमिनीच्या पॉलिगॉनवर वेगळे टाकतो. एका वाडीत एका फणसाला तीन मालक निघाले होते, फणस मात्र केव्हाच पडला होता.

बीडहून: आमच्याकडे १९०३ चं काहीच मिळत नाही म्हणतात, खरं आहे का?

खरंय, कारण तुम्ही मुंबई इलाख्यात नव्हताच, निजामाच्या राज्यात होता. तुमची दप्तरं वेगळी. सेतवार (नंबरवार शेतांचं रजिस्टर), पहाणी पत्रक (पीकपाहणीचं) आणि सगळ्यात कामाचं म्हणजे १९५४-५५ चं खासरा पत्रक, शेतवार ताबा आणि मालकी लिहिलेलं. मराठवाड्यात माझ्या नकाशाचा पाया खासराच असतो, तिथून मागे आणि तिथून पुढे. इनाम असेल तर मुंतखब, म्हणजे इनाम मंजूर केल्याचा कागद शोधा.

सालं फसलीत, म्हणजे निजामाच्या महसुली सनात असतील, घाबरू नका, इसवी सनासाठी ५९० मिळवा. निजामाचा महसूल कायदा १३१७ फसलीचा, तो इसवी १९०७ चा. जहागिऱ्या बंद केल्या तो हुकूम १३५८ फसलीचा, पण तो ऑगस्ट १९४९ मधला, म्हणजे एक वर्ष पुढेमागे होतं कारण फसली वर्ष मधेच बदलतं. त्यामुळे नुसतं साल बघून दोन कागदांचा क्रम लावू नका, महिना बघा. नावात "वल्द" म्हणजे मुलगा, पश्चिम महाराष्ट्रात त्या जागी "बिन" येतं. कागद उर्दूत असेल तर वाचणारे आता फार थोडे उरलेत, गावातल्या मशिदीत किंवा जुन्या मास्तरांकडे विचारा, लाजू नका.

डिचोली, गोव्याहून: आमच्याकडे मात्रीजचा कागद आहे, मालकी आमचीच ना?

मात्रीज हे कराचं रजिस्टर. कर तुमच्या घरातून जात होता एवढं नक्की, त्याच्यापुढे नाही. पोर्तुगीज काळात जमीन नोंदवायची वेगळी वही होती, दिस्क्रिसांवमध्ये मिळकतीचं वर्णन आणि इन्स्क्रिसांवमध्ये ती कोणाच्या नावे दाखल झाली ते. तुमच्या मात्रीजचा नंबर घेऊन त्या वहीत जोड मिळते का बघा, मग आजच्या एक-चौदाच्या उताऱ्याशी (गोव्यातला सातबाराच म्हणा). एक-चौदा आला तो सत्तरच्या दशकातल्या मोजणीतून आणि त्या वेळी जो समोर हजर होता त्याचं नाव चढलं असंही झालंय.

अडचण ही की पोर्तुगीज वर्णनात नकाशा नसतो, जमिनीचं नाव असतं, अमुक भाट (बागायत), अमुक खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन), आणि चारी बाजूंना कोणाच्या जमिनी ते. हे मला फार आवडतं काम. प्रत्येक मिळकत कागदाचा चौकोन धरायची, चारी कडांना शेजाऱ्यांची नावं, आणि मग जिगसॉ पझलसारखं जुळवत जायचं, याच्या पूर्वेचा तो, त्याच्या पश्चिमेचा हा. एखादी कड ओढा, देऊळ किंवा कोमुनिदादची (गावच्या सामाईक संस्थेची) जमीन निघाली की पझल जमिनीला टेकतं, मग बाकीचं भराभर बसतं. देशावरच्या खरेदीखतांतल्या चतुःसीमांनाही हीच युक्ती चालते. अजून एक, तुमच्याकडे लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा सामाईक धरली जाते, त्यामुळे कागदात एकट्या पुरुषाचं नाव दिसलं तरी अर्धा रंग बायकोचा.

थोडक्यात दोन उत्तरं.

महाभूनकाशावर (सरकारच्या ऑनलाइन जमीन-नकाशावर) बांध आमच्या बाजूला सरकलाय, शेजाऱ्याला दाखवू का, असं तिघांनी विचारलंय. नका दाखवू. तो नकाशा बघायला आहे, बांध ठरवायला नाही, त्यासाठी सरकारी मोजणी लागते आणि तीही दोघांना नोटीस देऊन.

आमच्याकडे पेशव्यांची सनद आहे तर अमुक एकर आमचेच ना, असं एकांनी विचारलंय. सनद सांभाळा, सुंदर मोडी असेल. पण त्या सनदेनंतर इनामं तपासणारं इनाम कमिशन येऊन गेलं, इनामांबद्दलचे १८६३ चे कायदे येऊन गेले, १९५२ ला जात इनामं (व्यक्तीला दिलेली इनामं) रद्द करणारा कायदा आला, १९५७ ला कुळं आली. सनदेपासून आजपर्यंत प्रत्येक पायरीचा कागद जुळला तरच काही बोलता येईल. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, तिथे एक आठवडा काढायची तयारी ठेवून जा, दोन तासांत काही मिळत नाही.

साताऱ्याहून एक ताई: १९४७ च्या उताऱ्यात माझ्या पणजीचं नाव "भागू कोम रामा" असं आहे. १९६१ च्या उताऱ्यात ती नाही, फक्त चुलत्यांची नावं. मी काढलेल्या नकाशात तिला कुठे दाखवू?

ताई, या सगळ्या ढिगातला तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. "कोम" म्हणजे अमक्याची बायको, जशी "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा. रामा गेल्यावर विधवा म्हणून तिचं नाव लागलेलं असणार. लोक म्हणतील, जुन्या काळी विधवेला नुसता हयातीपुरता हक्क होता, विकायचा नाही, तिच्यामागे भाऊबंदांचा. ते १९५६ च्या आधी बरंच खरं होतं. पण १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला आणि त्याच्या कलम १४ ने अशा बाईच्या ताब्यातली मालमत्ता पूर्ण तिची झाली, फार थोडे अपवाद सोडून. म्हणजे १९५६ ला ती हयात होती का आणि जमीन तिच्याकडे होती का, हे दोन प्रश्न आधी. जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचा दाखला, मतदार यादी, काहीही चालेल, आणि पीकपाण्याच्या नमुना १२ मधे कोणाचं नाव ते बघा.

मग तिचं नाव कुठल्या फेरफाराने कमी झालं ते शोधा. उताऱ्यावर नावाला कंस करून किंवा रेघ मारून शेजारी गोलात एक नंबर असतो, तोच. जुने फेरफार आता बरेच स्कॅन होऊन ऑनलाइन आलेत, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. मला एकदा एका तालुक्यात असा फेरफार सापडेना, तीन चकरा मारल्या, चौथ्यांदा शिपायाने सांगितलं की तो बस्ता खिडकीला टेकण म्हणून लावलाय, आणि तिथेच होता. फेरफारात कारण लिहिलेलं असेल, मयत म्हणून, वाटप म्हणून, किंवा तिने हक्क सोडला म्हणून. "मयत" लिहिलं असेल तर वारसात मुलींची नावं आहेत का बघा. तुमच्या आजीचं नाव नसेल तर तेही नकाशात लिहा, नसणं ही पण नोंदच आहे. हक्क सोडला असं असेल तर मात्र मूळ वर्दी (तलाठ्याकडे दिलेली खबर) किंवा जबाब मागा, नुसत्या फेरफारावर थांबू नका.

नकाशात सध्या तिला १९४७ च्या लेयरवर पूर्ण रंगात ठेवा आणि १९६१ च्या लेयरवर त्याच शेताला फक्त तिच्या रंगाची कड द्या, आत काही भरू नका. त्या जबाबाची नक्कल मिळाली की खालची निशाणी बघा. जुन्या मोडी कागदात शेतकऱ्याची निशाणी नांगर असायची आणि बाईची बांगडी, १९५०-६० च्या काळात डावा अंगठा असतो आणि शेजारी कोणीतरी लिहिलेलं असतं की हा अमुकचा. तो अंगठा भागूचा म्हणून लिहिलाय का, आणि तारीख ती गेल्यानंतरची तर नाही ना, ते बघून मला कळवा.